आग्रा रोड सरळ जर्मनीला जातो

—जर्मन. लिहा ना बाई, जर्मन. तुम्हीच विचारलं ना, मातृभाषा सोडून आणखी कोणत्या भाषा येतात म्हणून? मी सांगितलं, हिंदी मोडकीतोडकी, आणि जर्मन. तुम्ही हिंदी लिहिलं आणि पेन थांबलं तुमचं. मी बघते ना दाराच्या जाळीतून. खोटं वाटतं? वाटणारच. मखमलाबादच्या माळ्याची लेक, चौथीतून शाळा सुटलेली, साठीची बाई—हिला कुठली जर्मन! बोलून दाखवू? 'कोम, उषी, श्लाफ येत्स्ट'—ये गं उषे, झोप आता. हे मी साडेचार वर्षं रोज म्हणत होते, बाई, एक दिवस चुकला नाय. तेव्हा शिरगणतीच्या या रकान्यात जर्मन लिहा. घरात या गोष्टीवर बोलायची सोय नाय, निदान सरकारच्या कागदात तरी राहू दे. लिहिलंत? ठळक लिहा थोडं. हां.

नाय नाय, दार ढकलू नका, कुलूप हाय. तुमच्या बाजूनं हाय, खाली बघा, कडीला. सूनबाई—दीपमाला, लिहिलंत ना नाव?—ती नऊला बँकेत जाते, मुलगा ज्ञानेश त्याच्याआधी सातपूरला कंपनीत, नात दिशा शाळेत आणि तिथून पाळणाघरात. जाताना दीपमाला कुलूप लावून जाते. आता शहरात काय, दिवसाढवळ्या चोऱ्या होतात, कुणी साबण विकायला येतं, कुणी देवाच्या नावानं येतं, म्हातारं माणूस एकटं—म्हणून लावते. बाकी काय नाय. बाकीच्या घरांत असंच असेल ना, तुम्ही इतकी घरं फिरताय? नसतं? बरं. आमच्याकडं असतं.

पाणी? अगं बाई, पाणी हवं होय! बघा माझं भान, तुम्ही तीन जिने चढून आल्या, फेब्रुवारीतच हे ऊन, आणि मी आपली बोलत सुटले. आणते, आणते—पण देऊ कसं? या जाळीतून बोट जातं फक्त. तांब्या नाय, भांडं नाय, कपसुद्धा आडवा केला तरी नाय, मी करून बघितलंय एकदा दूधवाल्याच्या वेळी. एक करा. समोरचं दार उघडंच असेल. धोंडीराम अण्णा म्हणून हायेत, कंबरेचं ऑपरेशन झालंय, खाटेवरून उठता येत नाय. त्यांच्या दाराच्या आतल्या अंगाला खिळ्याला आमची दुसरी किल्ली असते, लाल गोंड्याची. आग-बिग लागली तर असावी म्हणून. अण्णांना म्हणा, शिरगणतीच्या बाई, पाणी घ्यायचंय. देतील. तुमच्या गळ्यात सरकारी ओळखपत्र हाय, तुम्हाला कोण नाय म्हणणार? जा ना.

आणलीत? तीच, तीच. काय म्हणाले अण्णा? पाणी घ्या नि लगेच कुलूप लावा? बरोबर हाय, म्हातारे झालेत, घाबरतात. आणि? आणखी काय म्हणाले? —'तिला बाहेर सोडू नका.' असं म्हणाले? माझ्याबद्दल? बघा म्हणजे. रोज मी त्यांना जाळीतून पेपर वाचून दाखवते, आणि सोडू नका म्हणतात, मी काय गोठ्यातली गाय हाय? ... पाणी देते ना, बाई, देते, माठातलं देते, आधी दोन मिनिटं ऐका. किती वाजले तुमच्या घड्याळात? पावणेबारा. म्हणजे हाय वेळ. बाई, मला एक वाजायच्या आत मुंबई नाक्यावर जायचंय. रिक्षानं दहा मिनिटं. दहा जायला, दहा यायला, अर्धा तास तिथं. दीपमाला यायच्या आत मी घरात असेन, भात टाकलेला असेल. तुम्ही तेवढं कुलूप काढा.

कशाला म्हणून काय विचारता, उषी आलीय! उर्सुला तिचं नाव, घरात उषी म्हणायचे, मलाही तेच सोपं पडलं. मी सांभाळलेली पोरगी. दर नाताळाला कार्ड येतं तिचं, या डिसेंबरच्या कार्डात तिनं लिहिलं होतं, फेब्रुवारीत हिंदुस्थानात येते, नाशिकला एक दिवस थांबते. फोन नंबर मागंच कळवला होता मी तिला. काल संध्याकाळी फोन आला, ज्ञानेशनं घेतला. मी पोळ्या लाटत होते. त्याचा आवाज बदलला, इंग्रजीत बोलायला लागला, 'येस मिस उर्सुला' म्हणाला, आणि मग—'नो नो, शी इज नॉट हिअर. शी इज आउट ऑफ स्टेशन.' मला इंग्रजी येत नाय, पण एवढं येतं. मग मुंबई नाक्यावरच्या हॉटेलचं नाव दोनदा म्हटलं त्यानं, आणि 'टुमारो वन ओक्लॉक, अजंठा, ओके, हॅप्पी जर्नी.' म्हणजे आज एकला ती अजंठ्याला निघणार. झालं. मी विचारलं, कुणाचा रे? म्हणाला, कंपनीतला. माझ्या तोंडावर. आणि पोळी छान झालीय म्हणाला. मी पुढची पोळी लाटायला घेतली. बोलले असते तर आज कुलपं दोन लागली असती.

तर ही मंडळी कोण, सांगते, म्हणजे तुमची खात्री पटेल. सातपूरला तेव्हा कारखाने उभे राहत होते, एका कारखान्यात जर्मन साहेब आलेला, बंगला गंगापूर रोडला. माझा नवरा, रावजी, काविळीनं गेला चौऱ्याहत्तर साली, ज्ञानेश चार वर्षांचा. मी आईकडं आले मखमलाबादला, आईचा मळा होता थोडा, मेथी-कोथिंबीर आणि गुलाब. त्याच वर्षी बंगल्यावर कामाला लागले, एक वर्षाची उषी माझ्या मांडीवर दिली मडमनं. पोरगी पहिलं बोलली ते मराठीत बोलली. रडायची मराठीत, हट्ट मराठीत. सत्त्याहत्तर साली साहेबाचं काम संपलं, घरी जायचं ठरलं, आणि साहेबाच्या डोक्यात काय आलं तर विमानानं नाय जायचं, मोटारीनं जायचं. मोटारीनं! नाशिक ते जर्मनी! पांढरी-निळी मोठी मोटार, आत दोन बाकं, झोपायच्या वेळी जोडली की बिछाना, छपरावर दोन टायरं आणि पाण्याचे डबे. मडम म्हणाली, भागी, तू आली नाय तर ही पोरगी मला रस्त्यात वेडं करील. चलशील? मी म्हणाले, चलते. विचार नाय केला, बाई. विचारायच्या आधी म्हणाले.

तुम्हाला ठावं हाय, हा इथं खाली आग्रा रोड हाय ना, ट्रक ऐकू येतात ते? आपण म्हणतो आग्रा रोड, तो आग्र्याला संपतो थोडाच! त्या रस्त्यानं आम्ही निघालो होळीनंतर, इथल्या द्वारका चौकातून, आणि मला आठवतंय, साहेबानं अमृतसरपर्यंत मोटार अशी वळवलीच नाय फारशी. धुळं, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली. दिल्लीत बारा दिवस अडकलो माझ्या शिक्क्यासाठी, पाकिस्तानचा शिक्का मिळेना हिंदुस्थानी बाईला. मडम रोज तिथं जाऊन बसायची डबा घेऊन, शेवटी तिथला माणूस कंटाळला आणि उठवला शिक्का. वाघ्याला, सरहद्दीवर, पलीकडच्या शिपायानं माझा पासपोर्ट उलटासुलटा करून विचारलं, नासिक? कौनसा नासिक? म्हटलं, देवळालीजवळचं. तर म्हणतो, मेरे वालिद देवळाली छावणी में थे! उषीला पेरू दिला त्यानं, आणि दांडा वर केला. झालं! दांडा वर आणि आम्ही आत, मागं हिंदुस्थान. मला वाटलं होतं काहीतरी होईल, रडू येईल. काय नाय. मी पेरूच्या फोडी करत होते.

मग लाहोर, पेशावर, तो डोंगरातला रस्ता खैबरचा, काबूल. काबूलला मोटारीचा एक भाग मोडला आणि तो जर्मनीहून यायचा होता, अठरा दिवस तंबूत राहिलो, अशा मोटारींचा तळच होता तिथं, गोरे केसाळ पोरं-पोरी, कुणी इंग्लंडचा, कुणी कुठला, कोण कुठं चाललाय विचारलं तर म्हणायचा, बघू. मी काय केलं, आईनं निघताना पदराला मेथीचं बी बांधून दिलं होतं मूठभर, जर्मनीत लावशील म्हणून. तिथं एक पाट वाहायचा बर्फाच्या पाण्याचा, त्याच्या कडेला मी आणि उषीनं वाफा केला हातभर. चौथ्या दिवशी उगवली. निघायच्या आधी वीतभर झाली, ती खुडली आणि लसूण घालून परतली, त्यांच्या त्या लांबलचक रोट्यांबरोबर सगळ्या तळाला एक-एक घास दिला. एक दाढीवाला पठाण बघत उभा होता, त्याला दिली, तो खाऊन म्हणाला काहीतरी, मला कळलं नाय, पण राहिलेलं बी मागितलं एवढं कळलं. दिलं. मग कंदाहार—अहो तिथली द्राक्षं! आपण नाशिकवाले उगाच मिरवतो. हेरात. हेरातला मडमनं गंमत म्हणून तिच्या लिपस्टिकनं माझ्या कपाळाला टिकली लावली. तिला काय ठावं आपल्यात विधवेनं... मी पुसायला हात नेला आणि मग म्हटलं, इथं कोण ओळखतंय मला? इस्तंबूलपर्यंत ठेवली ती टिकली, रोज नवी. बाई, सात हजार किलोमीटरमध्ये मला एकानं विचारलं नाय, कुणाची कोण, नवरा कुठं, एकटी कशी. इराणच्या नाक्यावर अडवलं चार तास, तेही माझ्यासाठी नाय, गोड्या मसाल्याच्या डब्यासाठी. अंमली काय तरी हाय समजले! मी त्यांच्यासमोर चमचाभर तोंडात टाकून दाखवला, तेव्हा सोडलं. हसताय. हसा. मी पण हसायची असं, तेव्हा.

तो रस्ता आता गेला, म्हणतात. ज्ञानेश सांगतो, आई, तिथं आता लढाया, तिथं आता बाईला घराबाहेर पडता येत नाय, तू गेलीस तो देश राहिला नाय. मी म्हणते, मला सांगतोस? मी इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर हाय आणि मला जाळीबाहेर बोट काढता येतं फक्त... जाऊ दे. तुम्ही किल्ली लावा ना. उजवीकडं फिरवायची, थोडी अडकते. का थांबलात? मुलगा का लपवतो म्हणून? आता ते सांगत बसले तर एक वाजेल. बरं, सांगते. तुम्ही बाई हायात, तुम्हाला कळेल.

ज्ञानेश सात वर्षांचा होता मी निघाले तेव्हा. त्याला नेणं शक्यच नव्हतं, मोटारीत जागा कुठली, आणि साहेब कसा हो म्हणेल. पैशासाठी गेले असंच मी सगळ्यांना सांगते, आईला सांगितलं, दीपमालाला सांगितलं. निघायच्या सकाळी तो मळ्यात गुलाबाच्या ओळीत बसला होता, काटे लागतील म्हणून मी रागावले त्याच्यावर आणि मग—मग म्हणाले, संध्याकाळी येते हां. का म्हणाले? रडेल म्हणून. दुसरं काय. रोज संध्याकाळीच तर यायचे मी. तर तो संध्याकाळी नाक्यावर जाऊन बसला, बस येते तिथं. दुसऱ्या दिवशीही बसला. आईनं पत्रात लिहून कळवलं होतं मला, तिकडं, पोरगं शेवटच्या बसपर्यंत उठत नाय. मी ते पत्र वाचलं आणि घडी घालून ठेवलं. दोन वर्षांनी आले परत. एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत. तेव्हा तो मोठा झाला होता, माझ्याजवळ येईना, माझ्या आईला आई म्हणायचा. पण झोपताना—झोपताना माझ्या पदराचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधायचा. गाठ मारून. एक नाय, दोन गाठी. मी उठले की त्याला कळावं. वर्षभर करायचा असं. मला सकाळी पाण्याला उठायचं तर आधी गाठी सोडाव्या लागायच्या अंधारात, बोटं वळायची नाय थंडीनं. आता तीस वर्षांचा बाप्या झालाय. तो वाईट नाय हो, बाई. वाईट असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

परत का आले? हे कुणी विचारत नाय बघा. सगळ्यांना वाटतं, पोरासाठी आली. ज्ञानेशलाही तसंच वाटतं, मी तसंच वाटू दिलंय. खरं... खरं म्हणजे मला मडमनं पाठवलं. उषीला तिथं शाळेत घातलं, बालवाडीत, तर तिथल्या बाईनं विचारलं, तुझी आई कोण, आणि पोरीनं माझ्याकडं बोट दाखवलं. मडम उभी होती तिथंच. तिचा चेहरा मी बघितला. आठ दिवसांत माझं विमानाचं तिकीट आलं, तोंडानं वाईट बोलली नाय, मिठी मारली, स्वेटर दिला. मी विमानातून आले सरळ, आठ-नऊ तासांत, ज्या रस्त्याला आम्हाला तीन महिने लागले. रस्ता बघायलाही मिळाला नाय. तिनं पाठवलं नसतं तर मी आले नसते, बाई. हे मी पहिल्यांदा बोलतेय. बोलू नये. तुम्ही त्या कागदात लिहू नका हे.

आणि कुलूप काय त्यामुळं नाय! ते जुनं झालं. कुलूप दिवाळीपासून. मी आपली मनमाडला गेले होते, नुसती, गाड्या बघायला, एवढंच. मनमाड काय लांब हाय? दिशाला सुट्टी होती, पाच वर्षांची पोर, घरात टीव्ही बघून बघून कंटाळली, म्हटलं चल, जंक्शन दाखवते. यष्टीनं गेलो, भेळ खाल्ली, पुलावर उभं राहून इंजिनं बघितली. तेवढंच... नाय, मग ती अमृतसरची गाडी आली. नांदेडहून येते ती. बायकांच्या डब्यात जागा होती, एक सरदारीण दारात उभी, म्हणाली, आओ माताजी. दिशा म्हणाली, आजी बसू या? पोरीनंच म्हटलं! भुसावळला उतरून परतीची गाडी पकडू असं माझ्या मनात होतं. भुसावळ आलं, तेव्हा दिशा झोपली होती मांडीवर, झोपलेल्या पोराला कशाला उठवायचं. मग इटारसी. मग... बाई, तुम्ही असं बघू नका. माझ्याकडं डबा होता, पाणी होतं, मी काय पहिल्यांदा प्रवास करत होते? अमृतसरला उतरलो तिसऱ्या दिवशी. गुरुद्वाऱ्याच्या धर्मशाळेत जागा मिळते, कुणी विचारत नाय कोण तुम्ही, जेवायला मिळतं. फोन? केला ना. नाय केला. करणार होते. घरचा नंबर अर्धा फिरवायचे आणि फोन ठेवून द्यायचे. इकडं ज्ञानेशनं पोलिसात दिलं होतं, पेपरात फोटो दिला होता दिशाचा. माझा नव्हता दिला.

पोरीला ताप आला. थंडी होती तिकडं, मी स्वेटर घेतला नव्हता, मनमाडला जायला कोण स्वेटर घेतं? तापली होती चांगलीच. शेजारच्या खाटेवर जालंधरची एक बाई होती, गोड होती, तिच्या बरोबर तिच्या सुना. मी तिला म्हटलं, घटकाभर बघाल का, मी आलेच. संध्याकाळी येते म्हणाले. आणि यष्टी धरून गेले वाघ्याला. अहो इतक्या जवळ येऊन! एक तासाचा रस्ता! बघायचं होतं मला. तर तिथं आता लोखंडी गेट हाय, मोठं, आणि माणसं जत्रेसारखी, बाकांवर बसून ओरडतात, शिपाई पाय आपटतात. मी पुढं जाऊन उभी राहिले. गजांतून पलीकडं बघितलं तर तोच रस्ता, तीच झाडं दोन्ही अंगाला, सरळ चाललाय. गेलेला नाय, बाई! लोक म्हणतात रस्ता गेला, तो हाय तिथंच! एक शिपाई म्हणाला, माताजी पीछे. मी मागं सरले, पुन्हा पुढं गेले. अंधार पडेपर्यंत उभी होते. आणि खरं सांगू तुम्हाला? तेवढ्या वेळात मला दिशाची आठवण आली नाय. एकदाही नाय.

...मूठ मिटलीत तुम्ही. किल्लीवर. मी बघितलं. —नाय, पोर बरी हाय आता, अगदी बरी, त्या जालंधरच्या बाईनं दिशाला नंबर विचारून घरी फोन केला, ज्ञानेश विमानानं आला तिथं दुसऱ्या दिवशी, दवाखान्यात ठेवली दोन दिवस, खडखडीत बरी झाली. येताना गाडीत सबंध रस्ता मधल्या बाकावर बसून होता, दाराकडं तोंड करून. मी बाथरूमला गेले तरी मागं यायचा. इथं आल्यावर चार दिवसांत ही जाळी बसली. तुम्ही त्याच्या जागी असता तर तुम्हीही बसवली असती, म्हणा तसं, म्हणा ना! तुम्हाला लेकरं हायेत? किती वर्षांचं? ...बरं. पाच वर्षांचं. संपलंच मग.

पण आज तसं नाय, बाई. आज लेकरू नाय बरोबर, मला स्टेशनला जायचं नाय, मुंबई नाक्याच्या पुढं पाऊल टाकायचं नाय मला. तुम्ही चला माझ्यासंगं! रिक्षात बसा शेजारी, हात धरा माझा. मला फक्त तिला बघायचंय, अठ्ठावीस वर्षांची झालीय ती, तिला मराठी येतं का अजून एवढंच विचारायचंय, नाय येत म्हणाली तर मी उठून येते. तुमच्या हातून काय पाप होणार नाय. वाटल्यास नुसता निरोप द्या, हॉटेलात जाऊन म्हणा, भागी नाशकातच हाय, तिसऱ्या मजल्यावर. ते तरी? ...घरातला मामला, हां. तुम्ही सरकारी माणूस. एकशे वीस घरं राहिलीत. हो. मला कळतंय हो, मान खाली घालू नका. कागद काढलात? काढा. राहिलेलं विचारा. विचारा, विचारा.

मुलं किती झाली, त्यातली हयात किती—म्हणजे मला झालेली? हे पण विचारतात? ...थांबा. थांबा, ऐका. फोन वाजतोय. आमचाच. ऐकू येतंय ना? त्यांच्या खोलीत हाय तो, खोलीला कुलूप हाय, दिवाळीपासून. ज्ञानेशचं ऑफिस नाय करत यावेळी, दीपमाला करत नाय, दोघांना ठावं हाय मला घेता येत नाय म्हणून. तीच हाय. निघताना एकदा बघू म्हणून करत असेल, आली का गावाहून म्हणून. लहानपणी पण अशीच, एकदा नाय म्हटलं की ऐकायची नाय, पुन्हा विचारायची. चार... पाच... दारापाशी बसून ओरडले तर ऐकू जाईल का हो? नाय, उचलल्याशिवाय कसं ऐकू जाईल. सात. किती वेळ लावून धरलाय बघा. आठ. नऊ. ...

थांबला.

काय विचारत होता? हां. मुलं. एक लिहा. मुलगा, एक. हयात. खाली काय राहिलं आणखी? काय नाय ना? मग किल्ली अण्णांच्या खिळ्याला लावा आणि जा, बाई. जा ना. उभ्या का राहिलात?